मध्येच उठता न येणारा खेळ

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातली माझ्या वयाची आमची मराठी माणसं दोनच विषयांवर हिरिरीने बोलतात, बर्फ काढायचं मशीन आणि कोलेस्टेरॉल. मला तिसरा विषय मिळाला तो पोकरचा, रिटायर झाल्यावर. माझ्याही आधी रिटायर झालेले नागपूरचे एक डॉक्टर मला पहिल्यांदा कार्डरूममध्ये, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळायच्या क्लबात, घेऊन गेले. सुरुवातीचं वर्षभर आम्ही कॅश गेमच खेळलो. त्यात समोरच्या चिप्स, त्या रंगीत चकत्या, म्हणजेच पैसे. मनात आलं की चिप्स उचलायच्या, काउंटरवर मोडायच्या आणि घर गाठायचं. कुणी का म्हणून विचारत नाही.

मला हे फार सोयीचं होतं. बायकोचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मंगळवारी आणि गुरुवारी मी सेंटरच्या लॉबीत बसून राहायचो. शनिवारी मात्र तिला दहाला सोडून खेळायला जायचो आणि दोनच्या आत तिला घ्यायला हजर. डायलिसिस झालं की तिला गरगरतं, पायातलं बळ जातं. दारापासून गाडीपर्यंत तिला धरून न्यावं लागतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, ते एका सत्यनारायणाच्या जेवणात बिघडलं. कुणीतरी सहज विचारलं, "काका, शनिवारी दिसत नाही तुम्ही कुठे?" मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "पत्ते खेळतात. पैसे लावून." ती काही टोमणा मारत नव्हती, खरं तेच सांगत होती. पण शेजारच्याने घाईघाईने मठ्ठा मागितला, आणि मी मान खाली घालून जेवत राहिलो. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरात पत्त्यांचा जोडसुद्धा नव्हता.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, आता टूर्नामेंट खेळायची. तिला प्रवेश फी असते, नंबर काढतात, म्हणजे ती स्पर्धाच झाली की! आणि स्पर्धा म्हटलं की आपल्या लोकांच्या सगळ्या शंका मिटतात. डॉक्टर वैतागले. "यार, तुला कळतंय का? टूर्नामेंटमध्ये मध्येच चिप्स मोडता येत नाहीत. एक तर सगळ्या हरून बाहेर पड, नाहीतर शेवटपर्यंत बस. तुला दोनला पिकअप असतो. तुझ्यासारख्याला कॅशच बरं."

"मी कुठला एवढा टिकतोय!" मी म्हणालो.

आणि खरंच टिकत नव्हतो. बाराच्या आत गाशा गुंडाळून मी डायलिसिस सेंटरच्या लॉबीत येऊन बसायचो. पण आता लोक विचारायचे, "मग, कितवा नंबर?" बायकोही फोनवर बहिणीला सांगायची, "ह्यांची कॉम्पिटिशन असते ना शनिवारी." ते ऐकताना मला बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी मला पत्ते लागतच गेले. पावणेदोनला आम्ही सहा जण उरलो होतो. तिचा मेसेज आला, 'झालं. लॉबीत आहे.' मी लिहिलं, 'दहा मिनिटं.' पुढच्याच डावात सगळ्या चिप्स मध्ये ढकलून मुद्दाम हरता आलं असतं. पाच मिनिटांत मी पार्किंगमध्ये असतो. हे मला सुचलं नाही असं नाही. हातात एकही चांगलं पान नव्हतं, चिप्सच्या चळतीवर बोटंही ठेवली होती. मग मी नुसते पत्ते टाकून तो डाव सोडला, चिप्स राखल्या आणि पुढच्या डावाची वाट बघत बसलो. आणखी दोनदा 'दहा मिनिटं' लिहिलं. तिसऱ्यांदा तिने उत्तरच पाठवलं नाही.

मी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. कोट-टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. पायांवर कुणीतरी ब्लँकेट टाकलेलं होतं. मला बघून म्हणाली, "कितवे आलात?"

"चौथा."

"छान."

"अगं, कुणाला तरी फोन करायचास. एवढी ओळखीची माणसं आहेत."

"सांगू काय त्यांना?" ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, चिडलेला नव्हता. चिडली असती तर मला माफी तरी मागता आली असती.

मंगळवारी मी बूट घालून किल्ली शोधत होतो, तर ड्राइव्हवेमध्ये एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. पेशंटची ने-आण करणारी. शनिवारी लॉबीत बसल्या बसल्या तिनेच तिथल्या बाईंना सांगून तिची सोय करून घेतली होती.

"तुम्हाला मध्येच उठता येत नाही ना," ती म्हणाली. "मग कशाला तुमची ओढाताण?"

मी म्हटलं, आता नाही खेळणार, सोडलं म्हणून समज. ती म्हणाली, "खेळा हो. कोण नको म्हणतंय?" मी त्यानंतर टूर्नामेंटला गेलो नाही, कॅशलाही नाही. निदान एक शनिवार तरी मी नेतो, असं तिला चार-पाचदा म्हणून पाहिलं. ती दर वेळी "राहू दे" म्हणते, तेही अगदी प्रेमाने. दुसरा हिवाळा आला तरी अजून व्हॅनच येते.

ती परत यायच्या वेळी मी दार उघडून उभा असतो. ड्रायव्हर चाळिशीतला, अबोल माणूस आहे. व्हॅनची पायरी उतरताना आधी डावा पाय टेकला की तिचा तोल जात नाही, हे मला माहीत नव्हतं. त्याला आहे. तो तिच्या डाव्या बाजूला उभा राहतो.