भगवानअण्णांची गाडी

"जरा गप बसा. ती काय म्हणतीय ते ऐकू द्या."

किल्ली फिरवली, की भगवानअण्णा गाडीतल्या सगळ्यांना असं गप्प करायचे. ‘ती’ म्हणजे त्यांची जुनी पांढरी गाडी. मान तिरकी करून ते इंजिनाकडे कान लावत. कधी खडखड, कधी बारीकशी शीळ. मग समाधानानं म्हणत, "आवाज करतीय तवर भ्यायचं न्हाय. गप झाली की भ्यायचं." आणि जुळे सोलापूर भागातल्या आमच्या इमारतीतून आम्ही निघायचो.

अण्णांना जाऊन आता वर्ष उलटलं. ते मूळचे करकंबचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. मी शिकवत होते ती शाळा त्यांच्या वाटेवर होती, म्हणून रोज सकाळी मी मागच्या सीटवर असे. पुढे त्यांची मुलगी सुरेखा. लहानपणीच्या पोलिओनं तिचे पाय लुळे झाले होते. कुबड्यांवर चालायची. एका कॉलेजच्या ऑफिसात ती नोकरीला होती. अण्णाच तिला सोडत आणि संध्याकाळी आणत.

गाडीचं रोज काहीतरी निघायचं. उन्हाळ्यात रेडिएटर उकळायचा, म्हणून माझ्या पायाशी कायम पाण्याचा कॅन. डावीकडची काच वर करायची तर आतून तळवा लावून ढकलावी लागे. ब्रेकचं काम करून आणावं, तर आठवड्यात बॅटरी बसायची. अण्णांच्या बायकोची, शांताकाकूंची भिशी लागली, की ती साडीच्या दुकानात न जाता गॅरेजात जायची. काकू म्हणायच्या, "हिच्यापरीस माझी सासू बरी हुती. ती निदान जेवून झोपायची तरी!"

एकदा लग्नाला आम्ही सगळे माढ्याला निघालो होतो. ऐन दुपारी गाडीतून वाफ निघायला लागली. अण्णांनी ती लिंबाखाली घेतली. कॅन वाटेतच रिकामा झाला होता. काकूंची काठापदराची साडी घामानं भिजलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काकूंचा धीर सुटला.

"माझ्या पाटल्या गेल्या हिच्या इंजिनात," त्या म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. "कवा इकणार हो हिला?"

अण्णा गाडीकडे वळले. कॅन उचलून पलीकडच्या वस्तीवर पाणी आणायला निघाले. मीही त्यांच्याबरोबर गेले आणि चालता चालता म्हणाले, "अण्णा, काकूंचं अगदीच चुकीचं नाही. रिक्षा ठरवली तरी स्वस्त पडेल."

ते थांबले. "बाई, सुरेखा कॉलेजात शिकायला जायला लागली तवा रिक्षाच हुती. पायरी उंच, तिला चढता यायचं न्हाय. एक दिवस रिक्षावाला आन् दुसरा कोण तरी, दोघांनी तिला बखोटीला धरून उचललं आन् आत ठेवली. वाईट न्हवती ती माणसं. पण वयात आलेली पोर ती. घरी आली, दिवसभर बोलली न्हाय, जेवली न्हाय." मग पुन्हा चालायला लागत म्हणाले, "माझी पोरगी काय पोतं हाय व्हय, कुणीबी उचलून ठेवायला?"

त्या महिन्यातच त्यांनी ही गाडी घेतली होती, तीही जुनीच. वेल्डरकडे आठवडाभर बसून पुढची सीट दारातून बाहेर वळेल अशी करून घेतली. सुरेखा कुबड्या टेकवून त्या सीटवर बसायची, एका हातानं दार धरून स्वतःच आत वळायची. कुणाचा हात लागायचा नाही. मी हे रोज बघत होते, पण सीट अशी का आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

पाणी घेऊन आम्ही परतलो, तेव्हा काकू पदरानं सुरेखाला वारा घालत होत्या. अण्णांना बघून म्हणाल्या, "आधी तुमी प्या दोन घोट. मग तुमच्या गाडीला पाजा."

पण पुढं पुढं गाडीचे भाग मिळेनासे झाले. गॅरेजवाले लतीफभाई भंगारबाजारातून काहीबाही शोधून आणत. शेवटी तेही म्हणाले, "अण्णा, नक्को अब. इसका सामान मिलताच नै." अण्णा घरी आले. "जुन्या गाडीला पेट्रोलपरीस धीर जास्त लागतो," असं एरवी सगळ्यांना सांगणारा हा माणूस त्या संध्याकाळी पायरीवर नुसता बसून होता.

सुरेखानं मात्र वेगळंच ठरवलं होतं. तिनं स्वतःच्या पगारातून मागे जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली आणि मैत्रिणीबरोबर मैदानावर जाऊन गुपचूप शिकली. स्कूटर दारात आली, तेव्हा अण्णांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ट्रकवाले बघत्यात का कुणाकडं?" एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून पुढे सुरेखाची स्कूटर आणि मागे अण्णांची गाडी, अशी आमची वरात निघू लागली.

"अण्णा, लोक हसतात हो," सुरेखा वैतागायची.

"तुझ्या मागं कोण येतंय? मी बाईंना शाळंत सोडतोय."

एका सकाळी चौकात सिग्नल लागला. सुरेखा आमच्या पुढेच उभी होती. हिरवा दिवा लागला, स्कूटर निघाली आणि नेमकी आमची गाडी बंद पडली. अण्णांनी किल्ली फिरवली. काहीच नाही. मागून हॉर्न सुरू झाले. अण्णांनी किल्लीवरचा हात काढला आणि काचेतून समोर बघत राहिले. सुरेखा एका बसच्या कडेनं गेली, दोन रिक्षांच्या मधून वाट काढली, वळणाचा दिवा लावला आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

"मागं वळून बघितलंबी न्हाय," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना लागलं. मी काही बोलणार, तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

"लई ब्येस चालवती की ओ, बाई!"

दोघाचौघांनी गाडी ढकलून कडेला लावून दिली. अण्णांनी सगळ्यांना हात जोडले. मी पर्समधून फोन काढला. "लतीफभाईंना बोलावू का लगेच?"

"बोलवा की सावकाश," अण्णा कठड्यावर टेकत म्हणाले. "आता कुणी खोळंबलं न्हाय."

माझ्या शाळेची घंटा केव्हाच झाली होती. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि त्यांच्या शेजारी टेकले.