आफ्रिकेची तालीम

लातूर जिल्हा झाला आणि अप्पांचे दिवस पालटले. नव्या कचेऱ्या, साहेबांचे बंगले, सगळीकडे सिमेंट लागायचं आणि ते अप्पांच्या दुकानातून जायचं. पुढे पाऊस गेला तो आलाच नाही, पण बांधकामांना टँकर मिळत राहिले.

मी अप्पांच्या घरी राहायचे. औशाजवळच्या एका लहान गावातून मी कॉलेजात आले होते. आमच्या घरात त्याआधी कुणी शाळाही पुरी केली नव्हती. अप्पांनी मला माडीवरची खोली दिली होती आणि त्या बदल्यात मी त्यांच्या दोन मुलींना शिकवायचे.

अप्पांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा भाऊ नैरोबीला होता. त्याने "या" म्हटलं आणि घरात आफ्रिकेचं वारं शिरलं. माझा विषय प्राणिशास्त्र, म्हणून बेत आखायचं काम माझ्याकडे आलं. लायब्ररीतून इंग्रजी पुस्तकं आणायची, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची आणि जेवणं झाली की सगळ्यांना सांगायचं, हे मी मन लावून करत होते. एकदा अक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, म्हणाल्या, "हिला बी नेऊ. इंग्लिश बोलंल, पोरींकडं बघंल."

"मग फोटो काढून घे पासपोर्टाला," अप्पा म्हणाले.

मी फोटो काढला. आईला निरोप पाठवला. त्यानंतर वर्गात बसले तरी डोळ्यांसमोर पुस्तकातलं आफ्रिकेचं गवत असायचं.

"कोरड्या दिवसांत जायला पाहिजे," मी सांगितलं होतं. "गवत वाळून खाली बसतं. पाणी एकाच जागी उरतं, म्हणून सगळे कळप तिथंच येतात. तहान लागली की जनावर माणसाला भीत नाही."

अप्पांना हे फार आवडलं. त्यांनी मुंबईहून दुर्बीण मागवली. ती आल्यावर म्हणाले, "एकदा तालीम करू. तुमच्याकडं हरणं हायत म्हणं?"

मी नदीचं नाव घेतलं. पात्रातल्या झिऱ्यांवर सकाळी हरणं येतात, असं लहानपणापासून पाहिलं होतं. मी कित्येक महिन्यांत गावी गेले नव्हते. आपण काहीतरी उपयोगाचं सांगितलं, एवढंच मला वाटलं.

जीप काठावरच्या बाभळीखाली थांबली. पात्रात हरणं नव्हती. बायका होत्या. वाळूत हातभर खोल झिरे खणून, त्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत बसल्या होत्या.

अप्पांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "हाय की कळप!"

मुली खिदळल्या. अक्कांनी दुर्बीण घेतली. "अगं बाई, पळत न्हाईत की ही."

"मास्तरीणबाईनं सांगितलंच होतं. तहानलेलं जनावर भीत न्हाई," अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले.

त्या बायकांतली एक उभी राहिली. दुर्बिणीशिवाय मी तिला ओळखलं. आई कळशी कमरेला लावून काठ चढून आली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. आमच्याकडे कुणीही लांबून आलं की कोण, कुठले हे विचारायच्या आधी पाणी देतात. तिनं तांब्या भरला आणि अक्कांपुढे धरला.

"घ्या. उन्हातानाचं आलाव."

अक्कांनी तांब्या घेतला, आत पाहिलं, ओठांना लावला नाही. ड्रायव्हरला म्हणाल्या, "काच बघ किती भरलीय. मार हे पाणी."

ड्रायव्हरनं तांब्या काचेवर ओतला आणि फडकं फिरवलं. गढूळ ओघळ बॉनेटवरून मातीत गेले.

आई क्षणभर त्या ओघळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अजून आणू?"

मला जीपमधून उतरायचं होतं, पण मुली दाराच्या बाजूला होत्या आणि कुणी सरकलं नाही.

"पोरगी माझी कवा निघायची तुमच्याबरूबर?" आईनं विचारलं. "समद्या गावाला सांगून ठेवलंय."

"कुठं?" अक्का म्हणाल्या.

"आफ्रिकेला."

अप्पा मोकळेपणानं हसले. "तिला कशाला तिकडं? तिला हे सगळं इथंच फुकट दिसतंय की!"

खाली पात्रातही हसू फुटलं. सगळ्यात आधी माझी चुलती हसली. आईच्या बढाया तिनं महिनाभर ऐकल्या असणार.

धाकटी मुलगी म्हणाली, "पण ताईनं फोटो काढलाय."

"असू दे की," अक्का म्हणाल्या. "कॉलेजच्या कामाला येतोय."

आईनं रिकामा तांब्या ड्रायव्हरच्या हातून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाली, "जा. अभ्यास बुडंल." आणि उतार उतरून आपल्या झिऱ्यापाशी गेली. तेवढ्यात तिथं दुसरी बाई बसली होती. आईनं तिला उठवलं नाही. ती रांगेच्या शेवटी गेली.

वाटेत अप्पा चिडचिड करत होते. "बाया तिथून हलल्या असत्या तर हरणं आली असती." ते खरंही होतं. हरणं कुठंतरी आडोशाला थांबलीच असणार.

संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. जणू काही झालंच नव्हतं. "मास्तरीण, पक्का महिना सांग. तिकिटं काढायचीत."

मी खोटा महिना सांगू शकले असते. भर पावसातला, गवत माणसाच्या उंचीचं असतानाचा. पण माडीवरची खोली त्यांची होती आणि माझी परीक्षा व्हायची होती. मी खरा महिना सांगितला.

ते गेले, बघून आले. अक्का दारातूनच म्हणाल्या, "तू म्हणालीस तसंच गं. समदी पाण्यापाशी. हात लांब केला तर लागतील अशी."

मी हो म्हटलं. माझा फोटो तोवर परीक्षेच्या फॉर्मवर चिकटवून झाला होता.