ह्यांच्यासाठी ब्राउझर शोधताना

भिलाईच्या एका सेक्टरात एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत होते. म्हणजे अजूनही राहतात, कारण म्हातारी मीच आहे! म्हातारा म्हणजे आमचे हे, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले क्रेन ऑपरेटर. त्यांना एक मुलगा प्रमोद, एक सून ज्योती आणि कॉलेजात जाणारी एक नात, श्रुती. शिवाय बैठकीत एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरपायी घरात इतके किस्से झाले की एक सांगायला बसावं तर दुसरा मधेच उठून उभा राहतो. श्रुती म्हणाली, "आजी, तू बोल, मी लिहून घेते." मला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून तर सगळं लक्षात ठेवावं लागतं.

मूळ गोष्ट अशी. लग्न होऊन भंडाऱ्याकडून मी इथं आले, तेव्हापासून हे मला पेपर वाचून दाखवायचे. शिफ्ट कोणतीही असो! नागपूरहून मराठी पेपर आला की मी भाजी निवडायला घ्यायची आणि हे खुर्ची ओढायचे. मी "मंग?" म्हणायचं, यांनी पुढं वाचायचं. वाचता वाचता हे सरकारशी भांडायचे, आणि सरकार नाही सापडलं तर माझ्याशी.

मग यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, मधोमध धुकं. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं काही होणार नाही. पेपर यायचा, पण त्याची घडी कोणी मोडत नव्हतं. हे बोलेनासेच झाले. माणूस आजारी असला तर दवा देता येते, गप्प झालेल्या माणसाला काय द्यायचं?

श्रुतीनं वाचून पाहिलं. ती इंग्लिश मीडियमची पोरगी. हे थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "बेटा, तू वाचून राहिली का गोटे फोडून राहिली?"

पोरगी हसली, पण तिच्या मनाला लागलं. तिनं ठरवलं, आजोबांना कॉम्प्युटरवर पेपर वाचता आला पाहिजे.

* * *

पहिलं भांडण झालं ते ब्राउझर कोणता ठेवायचा यावर. मी विचारलं, "ब्राउझर म्हणजे काय वं?"

"आजी, ज्या खिडकीतून इंटरनेट पाहतात ती."

आमच्या घरात अशा तीन खिडक्या निघाल्या. प्रमोदची निळ्या चित्राची, ज्योतीची रंगीबेरंगी चित्राची आणि श्रुतीची केशरी. प्रमोद म्हणे, "माझा आधीपासूनच आत हाय, वेगळा टाकावा लागत नाही." ज्योती म्हणे, "माझा फोनातबी चालते, सगळे पासवर्ड त्यात हायेत." श्रुती म्हणे, "माझा आपल्या मागंमागं फिरत नाही, कोण काय पाहतं ते टिपून ठेवत नाही."

हे कोपऱ्यातून म्हणाले, "ज्यात मले दिसन तो चांगला!"

श्रुतीनं अक्षरं मोठी केली. तरी दिसेना. आणखी मोठी केली. शेवटी एकेक शब्द भिंतीएवढा झाला, तेव्हा यांना कडेकडेनं लागला. एक शब्द वाचायचा, मग पान सरकवायचं, मग दुसरा शब्द. एका बातमीत माझी मेथी निवडून झाली.

"कसं वाटून राहिलं आजोबा?"

"फाटकावर उभं राहून मालगाडी पाहून राहिलो, बेटा. शेवटचा डबा येतवर इंजिन कोणतं होतं तेच विसरलो!"

* * *

पेपरच्या पानावर जाहिराती किती! यांना नीट दिसत नव्हतं, त्यामुळं जे मोठं आणि रंगीत दिसेल ते हे दाबायचे. एकदा पानानं फोन नंबर मागितला. यांना वाटलं पेपरवाल्याचंच काहीतरी असेल. दिला.

दुसऱ्या दिवशी फोन. उचलला मी. एक बाई मोठ्या गोड आवाजात म्हणाली, "नमस्ते जी, रिश्ते के लिए बात करनी थी. लड़का क्या करता है?"

मी यांच्याकडं पाहिलं. हे खुर्चीत बसून पंख्याकडं बघत होते.

"कुछ नहीं करता," मी म्हटलं. "दिनभर बैठा रहता है."

"अच्छा... उमर?"

"पचहत्तर."

बाईनं फोन ठेवला. आमच्या जातीत कोणाचा रिश्ता इतक्या लवकर मोडला नसेल!

* * *

श्रुतीनं लगेच जाहिराती अडवणारं एक ॲड-ऑन टाकलं. ॲड-ऑन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेलं अवजार. एका क्षणात सगळं पान साफ! नुसती अक्षरं आणि पांढरी जागा. सगळे खूश.

मी म्हटलं, "अन् माह्यं काय?"

"तुझं काय, आजी?"

"अवं, मले अक्षर येते का? त्या साड्यायच्या जाहिराती होत्या, तेवढाच माह्या वाटचा पेपर होता!"

तेव्हा श्रुतीनं एका साडीच्या दुकानाच्या साईटवर ते अडवणं बंद करून दिलं. बाकी दुनियेला बंदी, साडीवाल्याला सूट!

* * *

मग कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. प्रमोद विजेचं बिल भरायला बसला तर पान उघडेचना. पाहतो तर वरच्या पट्टीवर कंगव्याच्या दात्यांसारखे टॅब. यांनी उघडलेलं एकही पान बंद केलेलं नव्हतं.

"बाबा, हे बंद कावून नाही केलं?"

"रिलीव्हर कोठी आला?"

"काय?"

"पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याबिगर मशीन सोडत नसतात. अन् भट्टी तर कधीच थंडी होऊ देत नसतात! एवढे वर्ष प्लांटात बाबूगिरी करून राहिला, तुले एवढं माहीत नाही?"

प्रमोद कपाळाला हात लावून बसला. श्रुती मात्र हुशार. तिनं न वापरलेली पानं झोपवून ठेवणारं ॲड-ऑन टाकलं आणि सांगितलं, "आजोबा, बंद नाही केलं. फक्त मंद आचेवर ठेवलं."

"असं असलं तर ठीक."

दुसऱ्या दिवशी प्रमोद ऑफिसातून आला. हे खुर्चीवरून उठले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "दोन पानं चालू, बाकीचे झोपले. चार्ज घे!"

कितीतरी दिवसांनी यांचा तो आवाज ऐकला मी. पण तेवढाच. पेपर वाचणं काही होईना.

* * *

हे पाहून ज्योतीला ॲड-ऑनचा नादच लागला. स्वस्त कूपन शोधणारं, शब्द तपासणारं, रेसिपी जमा करणारं. वरची पट्टी भरून गेली. एक दिवस हवामान सांगणारं टाकायला गेली तर श्रुती ओरडली, "मम्मी, रुक! पहले पढ़ तो सही, क्या माँग रहा है."

ते ॲड-ऑन म्हणत होतं, तुम्ही जे पान उघडाल आणि जे टाईप कराल ते सगळं मला वाचू द्या.

मला समजलं तेव्हा मी म्हटलं, "ज्योती, झाडूपोछाले बाई लावली अन् तिनं पयल्याच दिवशी कपाटाची चाबी मागितली, तर देशील का?"

ज्योतीनं ते टाकलं नाही. नंतर पट्टीवरची बाकीची झाडझूडही केली. काम असेल तेवढीच ठेवायची, असं ठरलं. आणि पाऊस येणार का ते शेजारच्या साहूबाईला विचारायचं, तिचे गुडघे सांगतात.

* * *

श्रुतीनं मग पान काळं आणि अक्षरं पिवळी करून पाहिली. यांना मथळा वाचता आला, एक पूर्ण मथळा! आम्ही सगळे टाळ्या वाजवणार, तेवढ्यात साहूबाई आत आली. काळी स्क्रीन पाहून तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "टीवी बिगड गे का, दाई?"

दुसऱ्या ओळीला यांचे डोळे पाण्यानं भरले. थकून उठले आणि म्हणाले, "राहू दे बेटा. आता हे होत नाही."

* * *

शेवटी श्रुतीनं वेगळाच हिशेब लावला. कोणता ब्राउझर जोरात पळतो ते सोडून दिलं आणि कोणता मराठी बोलतो ते पाहिलं. एकात हिंदी आवाज मराठी वाचायचा, तो ऐकवत नव्हता. दुसऱ्यात मराठी आवाज निघाला, बाईचा, चांगला स्वच्छ. तिनं तोच ठेवला.

हे एक ओळ ऐकून उठले. "माह्या घरात पेपर मी वाचून दाखवत होतो. आता ही वाचणार?" आणि सरळ व्हरांड्यात जाऊन बसले.

मी शेंगा सोलत एकटी ऐकत बसले. बाई वाचत होती, अपघात असो की क्रिकेट, एकाच सुरात. सवयीनं मी म्हटलं, "मंग?" बाई थांबली नाही. मी म्हटलं, "अवं, कोण हारलं म्हणते?" बाई पुढच्या बातमीवर गेलेली.

व्हरांड्यातून आवाज आला, "तिले काय विचारतं? आपलेच हारले! कॅप्टनले अक्कल नाही!"

मी शेंगा सोलत राहिले. थोड्या वेळानं बाईनं भाजीचे भाव वाचले. मी मुद्दामच विचारलं, "कावून वाढले असतीन?" हे आत आले. बाईला थांबवायला कुठं दाबायचं ते श्रुतीला विचारलं, बाईला गप्प केलं आणि मला सगळं समजावून सांगितलं, अगदी सरकारला शिव्या घालून.

तोच ब्राउझर श्रुतीनं यांच्या फोनमध्येही टाकला आणि एक इअरफोन आणून दिला.

आता रोज पेपर आला की हे अंगणात खुर्ची ओढतात. फोन खिशात, इअरफोनची वायर खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली. घडी मोडून पेपर चेहऱ्यासमोर धरतात आणि मोठ्यानं वाचायला लागतात. मधे थांबतात, भांडतात, मी "मंग?" म्हटलं की पुढं जातात.

परवा साहूबाई फाटकाशी उभी राहिली. बराच वेळ तोंडाला पदर लावून ऐकत होती. मग हळूच मला म्हणाली, "बबा के आँखी ह बने होगे का, दाई?"

मी यांच्याकडं पाहिलं. पेपरातल्या फोटोत सगळे मंत्री डोक्यावर उभे होते.

"हो," मी म्हटलं. "एकदम बने, चांगले झाले डोळे. बस, वाचून राहिले तवा मधात बोलू नको. त्यायले राग येते!"