टाकीतील पाण्याची पातळी

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. ‘कारण नाही असे काही नसते, कारण सापडलेले नसते’ हे माझे वाक्य विद्यार्थी माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात. या सदरातील अनुभव मी आजवर केवळ करमणूक म्हणून वाचले... स्वतः लिहीन असे वाटले नव्हते.

घाटकोपर पूर्वेला, पंतनगरमध्ये, आमची दोन खोल्यांची जागा आहे. धाकटा भाऊ नीलेश घरूनच जाहिरातींसाठी अ‍ॅनिमेशन करीत असे. त्याचा कॉम्प्युटर फार तापायचा, म्हणून त्याने वॉटर कूलिंगचे सुटे भाग आणले होते. नळ्यांतून फिरणारे पाणी प्रोसेसरची उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये थंड होते आणि पारदर्शक टाकीत परत येते — तत्त्व इतके साधे. पण जोडणी राहून गेली. आतडे फुटल्याने त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागले. शस्त्रक्रियेपूर्वी तोंडावाटे काहीही द्यायचे नव्हते. तो आईकडे सारखे पाणी मागत होता. तिने डॉक्टरांचे ऐकले. शस्त्रक्रियेनंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

तेव्हापासून आईला पाणी जाईना. पेला ओठांपर्यंत नेई आणि खाली ठेवी; चहा-पेजेतून जाईल तेवढेच पोटात जाई. मूत्रपिंडे धोक्यात आहेत, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते.

“त्याना मांडून ठेवलेला काम अर्धा नको,” असे तीच म्हणाली, म्हणून नीलेशचा मित्र पराग आणि मी एका रविवारी जोडणीला बसलो.

“सर, फिटिंग नुसतं पिळा, त्याला भौतिकशास्त्र समजावत बसू नका,” पराग म्हणाला.

जोडणी झाल्यावर कॉम्प्युटर बंद ठेवून फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून गळती तपासायची, ही रीत. टिश्यू आणायला आम्ही दोघे खाली उतरलो. परतलो तर आईने देवघरातला काशीचा सीलबंद गडू फोडून टाकीत रिकामा केला होता.

“काकू, वाट लागली! ह्यात डिस्टिल्ड वॉटरच घालतात. गंगाजलातल्या क्षारांनी सगळं चोक होईल ना!”

“त्याच्या तोंडात घालूक मिळाला नाय रे...” एवढेच ती म्हणाली.

ते पाणी काढून टाकण्याचे धैर्य आम्हां दोघांनाही झाले नाही. उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली, पातळीवर खूण केली, पंप लावला.

संध्याकाळी पातळी खुणेच्या बरीच खाली होती. अडकलेली हवा बाहेर पडली की असे होतेच. मी पाणी भरले. सकाळी टाकी पुन्हा जवळजवळ रिकामी... टिश्यू मात्र कोरडे. कॉम्प्युटर बंद, म्हणजे उष्णता नाही. झाकण घट्ट, म्हणजे बाष्पीभवनही नाही. परागने हवेचा दाब देऊन सांधे तपासले. दाबमापकाचा काटा हलला नाही. मी भरत राहिलो. साऱ्या रचनेत मिळून लिटरभरही पाणी मावत नाही. आम्ही त्यात लिटरच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या.

आई बाजूला स्टुलावर बसून सारे पाहत होती.

“केवढी तान लागली हुती रे त्येका,” ती पुटपुटली. मग स्वतः उठली, पेला भरला आणि उभ्यानेच सगळा प्यायली. अनेक आठवड्यांनी.

त्यानंतर पातळी खाली गेली नाही. आजही स्थिर आहे. पराग म्हणतो, सगळे उघडून बघू. मी नको म्हणतो. वर्गात कुणाला असे करू दिले नसते, हे मला कळते.

आई आता नीट पाणी पिते, तिचे रिपोर्टही सुधारले आहेत. परवा मात्र हातातला पेला तसाच धरून तिने मला विचारले,

“तान भागली आसतली रे त्येची, की मागूचाच सोडल्यान?”

मी टाकीकडे पाहिले; पाणी खुणेलाच होते.