तव्यावरची पहिली भाकरी

निरोप आला तेव्हा मी चुलीपुढंच होते. धामणगाव बढ्याहून पहिल्या एस.टी.नं नणंदेचा शेजारी आला, दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या सासूबाई गेल्या पहाटे." तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला तरी ती उलटायचं मला सुचेना. आत्याबाई, सासूला मी हीच हाक मारायची, लेकीकडं चार दिवस हवापालटासाठी म्हणून गेल्या होत्या… त्या निरोपाला महिना उलटून गेला, पण संध्याकाळची गाडी आली की अजून माझे कान दाराकडं लागतात.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास मी खामगावहून वरवट बकालला सून म्हणून आले. घर भाजीच्या मळ्यावर चालणारं. पहाटे वांगी-मिरच्या तोडायला गेलेली माणसं उन्हं वर आली की जेवायला यायची. बायकांनी सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं, निवलेलं खायचं, ही माझ्या माहेरीही रीतच होती. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात माझं मूल गेलं. अंगात रक्तच नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढं मला पुन्हा दिवस गेले, आणि एका सकाळी आत्याबाईंनी परात माझ्यापुढून ओढून घेतली, तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली, वर तेल, ठेचा आणि शेजारी आंबाडीची भाजी.

"बस वं. जेव."

"अजून कोनीच जेवलं नाई, आत्याबाई…"

"त्यायले पोट हाय तसं तुलेबी हाय. आधी पोटोबा, मंग विठोबा म्हन्तेत. तो पोटोबा काय मान्सायलेच देल्ला देवानं?"

मी जेवले, पण नजर दाराकडं ठेवून. अशातच एकदा मामंजी मळ्यातून लवकर परतले. सासऱ्यांना पाहून मी ताटावरून उठू लागले, तर आत्याबाईंनी मनगट धरून मला खाली बसवलं.

"सुना अगुदर जेवून राह्यल्या का आजकाल?" मामंजींनी विचारलं.

"बैलाले वैरन टाकल्याबिगर जुंपता का तुमी? मंग सुनेले उपाशी काऊन जुंपावं?" आत्याबाईंनी मानसुद्धा वळवली नाही, भाकरी थापतच राहिल्या. मामंजी बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून ते अंगणाबाहेरूनच खोकत यायचे, आणि रांजणापाशी पाय धुवायला इतका वेळ लावायचे की माझं जेवण सावकाश व्हावं! शेजारणींनी मात्र तोंडसुख घेतलं. सून डोक्यावर बसवली, म्हणाल्या. "डोक्यावर नाई, पाटावर बसवली," एवढंच आत्याबाईंचं उत्तर.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. आता हा नेम सुटेल असं मला वाटलं, पण तो सुटला नाही. उलट त्याला जोड मिळाली. जेवल्याबरोबर उठायचं नाही, दुपारी घटकाभर तरी पाठ जमिनीला लावायची. माझी तब्येत पाहून माहेरची माणसं चकित व्हायची. सासूचं कौतुक करते म्हणून मैत्रिणी मला वेडी म्हणायच्या. म्हणोत बापड्या. त्या बाईनं मला जगवलं, आणि तिच्यावाचून मला करमत नाही.

लेकीकडं जायच्या आदल्या दिवशी त्या तापातून उठल्या होत्या. मी त्यांना पाटावर बसवलं, पहिली भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी ती हातात घेतली, या बोटांतून त्या बोटांत फिरवली आणि परत ठेवली.

"थंडी होऊ दे वं जराशी. तोंड पोयते माह्यं. इतकी गरम कधी खाल्लीच नाई ना…"

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. मी त्या भाकरीवर फुंकर घालत बसले.

आता चुलीपुढं मी एकटीच असते. त्यांचा शब्द मोडवत नाही, म्हणून पहिली भाकरी उतरली की ताट घेऊन बसते. पण एक घास तोंडात जातो न जातो तोच तव्यावरची दुसरी उलटायला उठावं लागतं, मग तिसरी थापावी लागते… आणि परत ताटाशी येईपर्यंत माझी भाकरी निवलेली असते.