भाकरीच्या वेबसाइटवरचे शुभेच्छुक

दुकानांच्या वेबसाइटवरचा मजकूर लिहिणं हा माझा धंदा आहे, आणि सोलापुरात तो लोकांना समजावून सांगणं हा त्याहून मोठा धंदा. चादरवाले, टॉवेलवाले, दातांचे डॉक्टर, सगळ्यांसाठी लिहून झालंय. प्रत्येकाला मी एकच सांगते, की वाचणारा घाईत असतो. तुम्ही काय विकता, ते का घ्यावं आणि फोन कुठं करावा, हे त्याला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे. लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी दुकान काढणाऱ्या आजोबांचा हार घातलेला फोटो आणून देतात.

पण माझी खरी फजिती झाली ती सख्ख्या मावशीच्या कामात.

मावशी कडक भाकरी करते. ज्वारीची, तीळ लावलेली, पापडासारखी, महिना महिना टिकणारी. घराच्या पुढच्या खोलीत चुली मांडल्यात आणि गल्लीतल्या चार बायका तिच्याबरोबर थापायला बसतात. स्टँडजवळची दुकानं वर्षानुवर्षं तिचाच माल ठेवायची. मग यंत्रावरच्या भाकरीची चकचकीत पाकिटं आली आणि एकेक दुकान गळालं. चौघींपैकी दोघींना 'उद्यापासून येऊ नका' म्हणायची वेळ आली होती, आणि ते मावशीच्या तोंडून निघत नव्हतं. तेवढ्यात पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराचा निरोप आला. नमुना पाठवा आणि वेबसाइटची लिंकही पाठवा, म्हणाला. ती ऑर्डर मिळाली असती तर कुणालाच घरी बसवावं लागलं नसतं.

मी जीव ओतून लिहिलं. वर एकच फोटो, भाकरी मोडतानाचा. त्याखाली एक ओळ: 'ज्वारी, मीठ, तीळ आणि हात. यात दुसरं काही नाही.' मग फोन नंबर, तोही माझा, कारण मावशी अनोळखी फोन उचलत नाही. आजवर लिहिलेल्यात हे सगळ्यात चांगलं होतं, उगाच विनय कशाला.

मावशीनं मोबाइल हातात घेतला आणि वर-खाली करून पाहिला.

"बाकीचे कुटं हायत?"

"कोण बाकीचे?"

"शुभेच्छुक."

आमच्या गल्लीत काही नवं झालं की फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्स लागला की त्यावर शुभेच्छुकांचे फोटो लागतात. मावशीच्या लेखी वेबसाइट म्हणजे पुण्यात लावलेला आपला फ्लेक्स. नावं तिच्या बोटांवर तयार होती. आपलं दळण आधी घेणारा गिरणीवाला, बचत गटाच्या अध्यक्षबाई, खोलीवर पत्रे घालून देणारा शेजारी, वळसंगहून ज्वारी पाठवणारे मामा, आणि कधीच काही न केलेले काका, कारण ते काका.

"मावशी, पुण्याच्या माणसाला गिरणीवाल्याचं काय गं?"

"त्याला नसंल. मला हाय की! उद्या दळान घिऊन कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी तडजोड सुचवली. फोटो तळाला घालू, म्हटलं. ती एकदम ताठ झाली.

"तळाला? मानसं पायाशी बसवतीस व्हय गं?"

मी हात टेकले. राग खूप आला, पण तिचं खोटंही नव्हतं. ऑर्डर पुण्याहून येणार होती, पीठ मात्र गल्लीतूनच यायचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. फोटो वर गेले, गोल चौकटीत, हात जोडलेले, शेजारी तर गॉगल घालून. भाकरी पार खाली गेली.

नमुन्याचं पार्सल आणि लिंक, दोन्ही पुण्याला गेलं. इकडे गल्लीत वेबसाइट फार गाजली. गिरणीवाला ती दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला दाखवत होता. मावशी इतकी खूश होती की मीही थोडी आशेला लागले. मग पुण्याचा फोन आला.

"मॅडम, लिंक चुकली का? इथं कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर उघडतंय."

"जरा खाली सरकवा ना. भाकरी खाली आहे."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. "इतकं खाली कोण जातं? आणि आता आमचं दुसरीकडं ठरलंय."

"नमुना तरी खाऊन बघितला का?"

"पार्सल इथंच पडलंय. वेबसाइट पटली तरच आम्ही नमुना उघडतो."

ज्या घाईतल्या वाचणाऱ्याबद्दल मी सगळ्यांना सांगत फिरते, तोच माझ्याशी बोलत होता. 

मी मावशीकडे गेले. ती परातीशी बसली होती, चौघी भोवती. नाही म्हणाला, एवढं मी सांगितलं. सगळ्यांचे हात थांबले.

"जाड झाली असंल," मावशी म्हणाली. "मला वाटलंच हुतं. त्या दिशी हात जड पडत हुता."

"अगं, त्यानं खाल्लीच नाही! पार्सल फोडलंसुद्धा नाही. वरचे फोटो बघूनच नको म्हणाला."

ती माझ्याकडे बघून हसली, लहानपणी मी पडल्यावर हसायची तसं.

"फोटू बघून कोन भाकर नको म्हनतंय? तू मला बरं वाटावं म्हनून बोलतीस, बाळा."

मी शपथ घेतली. त्याचा शब्द न् शब्द सांगितला. चौघींपैकी एक, जिला बहुधा आता घरी बसावं लागणार होतं, ती हळूच म्हणाली, "व्हय, जरा जाडच हुती की." मला रडावं की ओरडावं कळेना.

मावशीनं पिठाचा लहान गोळा घेतला आणि थापत गेली, थापत गेली. ती भाकरी इतकी पातळ झाली की कडक झाल्यावर उचलतानाच मोडली. त्यातला तुकडा तिनं माझ्या तळहातावर ठेवला.

"खाऊन सांग. आता घील का त्यो?"

मी खाल्ला. "पहिलीच चांगली होती गं," म्हटलं.

"परत त्येच," ती म्हणाली, आणि पुढचा गोळा तिनं आणखी लहान घेतला.