मामाजींच्या मरणाचं कारण

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गेले ते भरल्या पोटी गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जो तमाशा झाला तो त्या भरल्या पोटापायीच झाला. वय ऐंशीच्या घरात, तोंडात दात नावाला, पण भूक अशी की तरण्या गड्यानं हात टेकावे. त्या दिवशी दुपारी वांग्याच्या भाजीसंगं कणकेचे रोडगे हाणले आणि वर आमच्या वाडीतलं नव्या वेलीचं टरबूज एकट्यानं संपवलं. मग दोन-तीनदा टमरेल घेऊन शेताच्या धुऱ्याकडं जाऊन आले, बाजेवर आडवे झाले, "बेस झालं" म्हणाले आणि दिवस मावळायच्या आत आटोपले. माणसानं आणखी काय मागावं?

आमचं गाव अकोटाहून हिवरखेडच्या वाटेला. पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला लावायचा आणि अकोटच्या बाजारात नेऊन विकायचा, हाच घरचा धंदा. मी त्या घरात नवी सून, माहेर अमरावतीचं. माहेरी कुणी वारलं की म्युनिसिपालटीच्या कचेरीत खबर द्यायची, तिथला बाबू लिहून घ्यायचा. सासरी पाहते तर त्याची रीतच वेगळी. राज्य इंग्रजाचं, कारभार नागपूरचा, पण मेलेल्या माणसाची नोंद पोलीस पाटलाच्या ओसरीवर व्हायची. कोतवाल दारात येऊन विचारणार, कोण गेलं, वय काय, कशानं गेलं. तो जाऊन पाटलाला सांगणार, पाटील रजिस्टरात लिहिणार आणि ती खबर अकोटच्या ठाण्यात जाणार. पाटलाच्या लेखी माणसं मोजक्याच गोष्टींनी मरायची: ताप, देवी, महामारी, नाहीतर साप. बाकी कशानं मरायची सोयच नव्हती म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयत आटोपून माणसं परतली आणि कोतवाल दारात येऊन उभा राहिला. मोठी माणसं अंघोळीला गेलेली. समोर सापडले माझे धाकटे दीर. हा माणूस म्हणजे देवानं घडवताना खोटं बोलायचं यंत्र टाकायचंच विसरला. कोतवालानं विचारलं, "काय झालं होतं बुढ्याले?" दिरांनी सगळं सांगितलं. रोडगे सांगितले, टरबूज सांगितलं, आणि धुऱ्याच्या खेपाही सांगितल्या.

कोतवाल दोन पावलं मागं सरकला. पलीकडच्या गावात नुकतीच महामारीनं, म्हणजे पटकीनं, माणसं गेली होती. हगवण म्हटली की लोक त्या घराची वाट सोडायचे. तो तसाच पाटलाकडं गेला आणि घटकाभरात निरोप घेऊन परत आला. पाटील महामारी लिहिणार, आणि उद्या उजाडताच ठाण्यात वर्दी जाणार.

घरात रडारड चालू होती ती चटकन थांबली. महामारी लिहिली म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारी माणसं येऊन विहिरीत लाल दवा टाकणार. खारपाणाच्या मुलखात गोडं पाणी असलेली आमची एक विहीर, अर्धं गाव तिथं घागरी बुडवायचं, ते बंद. आमची गाडी अकोटच्या बाजारात कुणी शिरू देणार नाही. वांगी झाडावर, टरबुजं वाफ्यावर, सगळं जाग्यावर सडणार.

पण सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती या कशानं नाही. रोडगे त्यांनी भाजले होते, ते आम्ही सगळ्यांनीच खाल्ले आणि ठणठणीत होतो. टरबूज मात्र एकट्या मामाजींनी खाल्लं होतं. ती वेल सासूबाईंनी हातानं लावलेली, हातानं पाणी घातलेली, आणि टरबूजही त्यांनीच कापून पुढं ठेवलेलं.

"म्हंजे मी मारलं त्याले?" त्या दिरांवर ओरडल्या. "पन्नास वर्स खाऊ घातलं, अन् गाव आता मनंन का बुढीनं जहर देल्लं? तुले कोनं सांगतलं होतं रे लेका एवढं खरं बोलाले?"

"त्यानं इचारलं," दीर बिचारे म्हणाले.

"त्यानं इचारलं! उद्या तो इचारंन घरातलं सोनं कुठी पुरलं, तं तेही सांगजो!"

नवरा गेलेल्या बाईनं तेरवीपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. पांढऱ्या कपाळानं समोर आली तर लोक तोंड फिरवायचे. सासूबाई मात्र उठल्या, मागच्या दारानं वाडीत गेल्या, त्याच वेलीवरचं दुसरं टरबूज तोडून कडेवर घेतलं आणि चालू लागल्या. मोठ्या जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. मला म्हणाल्या, "जाय वं संगं, बुढी पडंन कुठी." मी पदर सावरत मागं धावले. रस्त्यानं दारं धडाधड लागत होती. एक बाई तर अर्धा केर तसाच टाकून आत पळाली! मला लाज वाटावी की हसू यावं, कळेना.

पाटील ओसरीवर पान जुळवत बसले होते. सासूबाईंना पाहून पान हातातच राहिलं. "काकू! तुमी? ह्या दिवशी?"

सुतक होतं, म्हणून सासूबाई ओसरीला शिवल्या नाहीत. अंगणात निंबाखाली फतकल मारून बसल्या. "त्याच वेलीचं हाय," त्या म्हणाल्या. "खाऊन पाय, मंग लिव्ह काय लिवाचं ते."

पाटलांचा चेहरा उतरला. सुतकातलं खायचं कसं, आणि मनातली खरी भीती वेगळीच. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "काकू, मी लपवलं अन् उद्या गावात अजून कोनी गेलं, तं माही पाटीलकी जाते. अन् जीव जाते लोकायचा, तो येगळाच. माह्यावर काहून कोपून राहिल्या?" यात खोटं काय होतं? मला तर त्यांचं पटलं.

सासूबाईंनाही पटलं असावं, कारण त्या भांडल्या नाहीत. "बराबर हाय तुहं," म्हणाल्या. "तुह्यानं खानं होत नाई, तं मी खातो. बुढ्यानं दुपारी खाल्लं अन् दिवस बुडाच्या आत गेला. मी बी दिवस बुडेपर्यंत इथंच बसतो, तुह्या डोयासमोर. मेली तं दोघायचं एकदमच लिव्ह, तुही शाई वाचंन."

आणि त्यांनी टरबूज दगडावर आपटलं.

मी त्यांना "आत्याबाई, नका हो" म्हणाले, पण माझं कोण ऐकतं. लालभडक गर बोटांनी उकरून त्या तोंडात कोंबत होत्या. चव बघायला खात नव्हत्याच, वैऱ्याचा फडशा पाडावा तशा खात होत्या. बिया अंगणात थुंकत होत्या, रस कोपरापर्यंत ओघळत होता. पाटलीणबाई दाराआडून बघत होत्या. अर्ध्याहून जास्त संपवलं, मग पोट फुगलं तशा थांबल्या आणि निंबाला टेकून बसल्या. मला धडकी भरली होती. खरंच काही झालं तर? एकाच घरातून दोन तिरड्या? मी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बसले. त्यांनी मलाच दटावलं, "काय पायतं वं माह्याकडं? मरत नाई मी एवढ्यात."

दुपार कलली. गुरं परत आली. पाटील मधून मधून बाहेर येऊन विचारायचे, "काकू, बरं हाय ना?" आणि त्या म्हणायच्या, "बरं नसाले काय झालं?" ऊन निंबाच्या शेंड्यावर गेलं, मग तिथूनही उतरलं.

पाटलांनी रजिस्टर आणलं, दौत आणली. आमच्या देखत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: मरणाचं कारण, म्हातारपण.

"आता झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. त्या उठायला लागल्या, पण उरलेलं टरबूज मांडीवर होतं. अन्न टाकायचं कसं म्हणून त्यांनी सहज एक तुकडा मोडून तोंडात टाकला. या वेळी सावकाश चावला. चावता चावता थांबल्या. काल मामाजी गेल्यापासून ही बाई रडली नव्हती. बांगड्या फोडताना रडली नव्हती, तिरडी उचलतानाही नाही.

"गोड हाय वं," त्या मला म्हणाल्या. "साखरीवानी गोड हाय. तरीच बुढ्यानं मले एक फोड बी नाई ठेवली."

मग पाटलाच्या अंगणात, सगळ्यांदेखत, त्या ओक्साबोक्शी रडल्या.